आधी पत्ता सांगा

सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘सेक्रेटरी कोण?’ असा प्रश्न आला की सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागतात. त्या वर्षी माझा कप आधीच रिकामा झाला होता. मी वर बघितलं आणि सेक्रेटरी झाले. कोथरूडमधली १९८४ सालची इमारत, तळमजला धरून चार मजले, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. काम म्हणजे टाकी धुणाऱ्याला फोन करायचा आणि मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या मागे लागायचं, एवढीच माझी कल्पना. रात्री साडेबाराला ‘आता कुणाला फोन करायचा?’ हे विचारायलाही लोक सेक्रेटरीचीच बेल वाजवतात, हे मला जूनमध्ये कळलं.

कंपाउंडच्या कोपऱ्यात आमचा गुलमोहर होता. मूळचा मादागास्करचा हा वृक्ष दिसायला देखणा, पण लाकूड ठिसूळ. त्यात आम्ही पार्किंगच्या हौसेपायी अगदी बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकलेले. पहिल्याच जोराच्या पावसात तो कंपाउंडची भिंत घेऊन गल्लीत आडवा झाला. त्याच्याखाली दोन स्कूटर, फांद्यांत अडकलेल्या विजेच्या तारा, आणि त्या तारांतून मधूनच निळा जाळ निघत होता.

मी आणीबाणीचा ११२ लावला. पलीकडून एका मुलीचा शांत आवाज आला. मी सुरू झाले: झाड कसं पडलं, किती मोठं होतं, तारा कशा लोंबतायत, खाली स्कूटर आहेत, पावसात कुणी आलं गेलं तर शॉक बसेल. मिनिटभर तिने ऐकून घेतलं असेल. मग म्हणाली, “ताई, आधी पत्ता सांगा.”

मी सोसायटीचं नाव सांगितलं. “शहर?” तिने विचारलं. मला रागच आला. शहर काय विचारते, पुण्यातच फोन लावलाय ना! तो पुण्यात वाजत नाही हे मला नंतर कळलं. महाराष्ट्रात ११२ची यंत्रणा २०२१ मध्ये सुरू झाली, तिचं मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे आणि जोडीला दुसरं नागपूरला. तिकडे बसलेल्या मुलीला ‘कर्वे पुतळ्याच्या अलीकडे, त्या जुन्या पिठाच्या गिरणीची गल्ली’ म्हणजे काय कळणार? आणि ती गिरणी बंद होऊनही दहा वर्षं झालेली.

तिने माहिती पुढे पाठवली, तरी शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाने १०१ही लावला. तो फोन मात्र शहरातल्या अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षातच जातो. गाडी निघाली असं कळलं आणि आम्ही छत्र्या घेऊन कोपऱ्यावर उभे राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सायरन ऐकू आला, जवळ आला, आणि लांब गेला.

आमच्या सोसायटीचं नाव इथे सांगत नाही. ‘स्नेह’ने सुरू होतं एवढं सांगितलं की पुणेकरांना अंदाज येईल. त्याच नावाची दुसरी इमारत कालव्याच्या बाजूला आहे. गाडी तिकडे गेली होती. तिथला वॉचमन म्हणे डोळे चोळत बाहेर आला आणि “आमच्याकडे झाडच नाही” म्हणाला.

पण यातली खरी चूक माझीच होती. गाडीतल्या माणसांनी मधल्या वेळात मला दोनदा फोन केला होता. अनोळखी नंबर होता. रोज लोन विकणारे करतात तसा कुणीतरी करतोय असं वाटून मी दोन्ही वेळा कापला. रात्री पावणेएकला लोन कोण विकतं, हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि अंगठा सवयीने लाल बटणावर.

शेवटी गाडी आली. त्यातले वयाने मोठे होते ते उतरले, वर तारांकडे बघितलं आणि कुणीही पुढे जायचं नाही म्हणून सगळ्यांना मागे सारलं. त्यांच्या माणसांनीही करवतीच्या मशीनला हात लावला नाही. “लाईन बंद झाली का? महावितरणला कळवलंय कुणी?”

बारा बिऱ्हाडं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसऱ्याने कळवलं असेल. मग १९१२ लावला. तिथे ग्राहक क्रमांक विचारतात, बारा आकडी, बिलावर वरच असतो. पण बिल घरात आणि घरात अंधार. मी जिन्यात बसून बॅटरीच्या उजेडात तो आकडा चार-चारचे गट करून वाचून दाखवला. अर्ध्या तासाने लाईनमन आला, रोहित्राकडून पुरवठा बंद केला, काठीने तार तपासली आणि मग कुठे करवत सुरू झाली. पुढचं काम तासाभरात उरकलं. फांद्या तोडून बाजूला, बुंध्याचे ओंडके भिंतीला लावून, गल्ली मोकळी. निघताना मी विचारलं, “आणि ही लाकडं?”

“रस्ता मोकळा करणं आमचं. लाकडं उद्यान विभाग नेईल. सकाळी क्षेत्रीय कार्यालयात तक्रार टाका.” मग गाडीत चढता चढता ते थांबले. “आणि मॅडम, फोन केला की पहिल्यांदा पत्ता. मग जवळची ठळक खूण, आजची, जुनी नको. मग काय झालंय ते, आणि कुणी अडकलंय का ते. फोन आम्ही ठेवेपर्यंत ठेवायचा नाही. आणि नंतर कुठलाही नंबर आला तर तो आमचाच असतो.”

शेवटचं वाक्य त्यांनी अजिबात आवाज न चढवता म्हटलं. त्याचाच जास्त ओशाळेपणा वाटला.

लाकडांचं पुढे काय झालं ते सांगितलंच पाहिजे. नऊ दिवस ती तिथेच पडून होती. नवव्या दिवशी मी ‘महापालिकेला काही लाजच नाही’ असा आवेश आणून फोन केला, तर कळलं की आमच्या गल्लीतून एकही तक्रार आलेली नाही. बारा बिऱ्हाडांतून, समोरच्या दोन बंगल्यांतून, कुणाचीच नाही. तक्रार नोंदवली, टोकन क्रमांक मिळाला, दोन दिवसांत टेम्पो आला. तेव्हापासून ‘तक्रार केलीये’ असं कुणी म्हटलं की मी पहिल्यांदा नंबर काय ते विचारते. नंबर नसेल तर ती तक्रार नाही, ती कुरकुर आहे. त्याच वेळी आणखी एक गोष्ट समजली. कोपऱ्यातला उरलेला शिरीषही जरा झुकलाय, तो आम्ही आपल्या आवारातला म्हणून परस्पर तोडू शकत नाही. झाडांच्या संरक्षणाचा १९७५चा राज्याचा कायदा आहे, खासगी जागेतल्या झाडालाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, फांद्या छाटायच्या तरी अर्ज करावा लागतो. गुलमोहरासाठी मार्चमध्येच असा अर्ज करता आला असता. केला नाही.

स्कूटरचं प्रकरण मात्र पोलिसांत गेलं. तळमजल्यावरच्या भाऊसाहेबांना कुणीतरी सांगितलं की विम्यासाठी पंचनामा लागतो. ते एकटे जायला तयार नव्हते. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आमच्या पिढीने पोलीस चौकीलाही लावून टाकलेली आहे. मी सोबत गेले. आम्ही कोपऱ्यावरच्या चौकीत गेलो, तिथून पोलीस ठाण्यात पाठवलं. चौकी आणि ठाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गुन्हे नोंदवायचं काम ठाण्यात चालतं, हे वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मला प्रथम कळलं.

ठाण्यात शिरल्यावर समोर जो माणूस मोठी वही उघडून बसलेला असतो, तो ठाणे अंमलदार. सगळं आधी त्याच्यापुढे. आमचं ऐकून तो हसला नाही, पण हसू आलं होतं. “झाडावर गुन्हा दाखल करायचाय का काका?” मग नीट समजावलं: यात कुणी गुन्हेगार नाही, तुम्ही एक साधा अर्ज द्या, कधी कुठे काय झालं एवढाच, गाडीचा नंबर आणि फोटो जोडा. दोन प्रती काढा, एक इथे ठेवा, दुसरीवर पोच घ्या. आणि फायर ब्रिगेडकडून वर्दीचा दाखला काढा, विमावाल्याला तोच जास्त उपयोगी पडेल. अग्निशमन दलात आलेल्या फोनला ‘वर्दी’ म्हणतात. त्या रात्री आमची वर्दी किती वाजता मिळाली, गाडी कधी पोचली, काय काम केलं, सगळं त्यांच्याकडे लिहिलेलं असतं. भाऊसाहेबांनी आठवडाभर खेटे घालून सगळे कागद जमवले, फाईल केली, वर प्लास्टिकचं कव्हर घातलं. मग कळलं की त्यांच्या स्कूटरचा विमा फक्त थर्ड पार्टीचा आहे. झाड पडलं तर त्यात काही मिळत नाही.

ती फाईल अजून त्यांच्याकडे आहे. कुणी आलं की दाखवतात.

यातून झालं असं, की मी सोसायटीतली ‘जाणकार’ ठरले. जिन्याखालच्या बोर्डावर नंबरांचा कागद लावला आणि त्यावरून सभेत दीड तास वाद झाला. एकांना १०० हवाच होता, कारण ‘लहानपणापासून तोच पाठ आहे’. साप निघाला तर कुणाला सांगायचं यावरून सर्पमित्र, अग्निशमन दल आणि वन विभागाचा १९२६ असे तीन गट पडले. (चौथा गट सापाला काठीने मारणाऱ्यांचा होता, तो कागदावर घेतला नाही.) रात्री दहानंतर वाजणाऱ्या डीजेसाठी वेगळा नंबर हवा, अशी मागणी आली. त्यालाही ११२च. दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी २०००च्या नियमांपासून आहे, आणि तक्रार करणाऱ्याचं नाव सांगू नका असं फोनवरच सांगता येतं. आमच्याकडे सगळे धुसफुसत झोपतात आणि सकाळी एकमेकांना ‘काय वैताग होता ना’ म्हणतात.

लोक बेल वाजवत राहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचे ‘कुरिअर अडकलंय’ म्हणणाऱ्याने अठ्ठेचाळीस हजार उडवले. तो संध्याकाळी सहाला माझ्याकडे आला, पैसे गेले होते दुपारी दोनला. कुठल्या चौकीत जाऊ, विचारत होता. मी त्याला दारातच उभं करून सायबर फसवणुकीचा १९३० लावायला सांगितला. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात उड्या मारत असतात, ते मधेच कुठे गोठवायचे तर मिनिटं मोजायची असतात. चौकीत नंतर जा. त्यातले काही अडकले, बाकी गेले. दुपारी दोन ते सहा तो काय करत होता? घरच्यांना कसं सांगायचं याचा विचार.

मग एका मुलीचा मोबाईल बसच्या गर्दीत खिशातून काढला. ती जिथे उतरली तिथल्या ठाण्यात गेली, तर ‘आमची हद्द नाही’. परत दुसरीकडे गेली, तिथे म्हणे ‘गहाळ’ची नोंद करू. आता हा एक शब्दाचा फरक आहे, पण त्यात सगळं आहे. हरवलं तर गहाळ, त्याचा दाखला मिळतो, सिम परत घ्यायला चालतो. चोरलं तर तो सहसा दखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता येतो असा, त्याची एफआयआर व्हायला हवी आणि तिची प्रत फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते. हद्दीचं म्हणाल तर १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यात झिरो एफआयआर लेखी आली आहे: कुठल्याही ठाण्याने नोंदवायची आणि मग हद्दीतल्या ठाण्याकडे पाठवायची. मुलगी चिवट होती. ‘चोरी झालीये, हरवला नाही’ हे एकच वाक्य तिने न चिडता चार वेळा म्हटलं, आणि एफआयआर घेऊन आली. त्याच रात्री आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, टाकून संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून फोन ब्लॉक केला. आयएमईआय कुठून आणला, तर खोक्यावरून. फोनचे खोके फेकू नयेत हे तेव्हापासून मी माझ्या नवऱ्याला अधिकारवाणीने सांगू शकले नाही, कारण खोके जपण्याबद्दल त्यालाच वीस वर्षं बोलत आले होते.

एवढं सगळं झाल्यावर नोव्हेंबरच्या त्या सकाळी मी काय केलं, ते लिहायला जड जातंय.

दुसऱ्या मजल्यावर काकू राहतात. निवृत्त शिक्षिका, मराठीच्या. वय एक्क्याऐंशी. मुलगा बंगळुरूला. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी फिरून आले तेव्हा त्यांच्या जाळीच्या दाराला दुधाची पिशवी लटकत होती. काकू साडेसहाला दूध आत घेतात. मी पिशवी बघितली, आज उशीर झालेला दिसतो असं मनात म्हटलं आणि वर गेले. आठला कामाच्या मावशी आल्या, त्या दहा मिनिटं बेल वाजवून माझ्याकडे आल्या. काकूंची एक किल्ली माझ्याकडे असतेच. आम्ही लॅच उघडलं, दार हललं नाही. आतून कडी.

मी त्यांना फोन लावला. रिंग आतून ऐकू येत होती, लांबून, बहुतेक स्वयंपाकघरातून. वाजून वाजून थांबली. बंगळुरूला फोन केला. मुलगा म्हणाला, “ताई, झोपेची गोळी घेते ती कधीकधी. थोडं थांबा. उगाच दार फोडलं तर घाबरेल.” मीही तेच म्हणत होते. शेजारचे म्हणाले, चावीवाल्याला बोलवा. कुणीतरी म्हणालं, पोलिसांना नको, फुकट बभ्रा होतो, काकूंना आवडणार नाही. दुसरं कुणी म्हणालं, नऊपर्यंत बघू. त्या जिन्यात आम्ही सात जण उभे होतो, खाली बोर्डावर माझ्या हस्ताक्षरात सगळे नंबर लावलेले होते, आणि आम्ही नऊ वाजण्याची वाट बघत होतो.

आठ पन्नासला मावशींनी दाराला कान लावला आणि म्हणाल्या, “ताई, आत नळ वाहतोय.”

मी १०१ लावला. या वेळी पहिलं वाक्य पत्ता होतं. कालव्याजवळची नाही, गल्ली क्रमांक, समोर अमुक बँकेची शाखा. मग: एक्क्याऐंशी वर्षांच्या बाई, एकट्या, आतून कडी, उत्तर नाही, नळ चालू. पलीकडून तीन प्रश्न आले. आतून काही आवाज? गॅसचा वास येतोय का? कितवा मजला, गॅलरीला ग्रिल आहे का? वासाचं मी विचारातच घेतलं नव्हतं. दाराच्या फटीशी वाकून हुंगलं. वास नव्हता. पुढच्या गॅलरीला ग्रिल आहे, मागच्या ड्राय बाल्कनीला नाही, हे मावशींनी सांगितलं. दोन मिनिटांत अनोळखी नंबरवरून फोन आला. पहिल्या रिंगला उचलला.

दहा-बारा मिनिटांत छोटी गाडी आली. शिडी लावली नाही. एक जण तिसऱ्या मजल्यावरच्या घरात गेला, तिथल्या मागच्या बाल्कनीतून कमरेला दोर बांधून खाली काकूंच्या ड्राय बाल्कनीत उतरला. तिथल्या वॉशिंग मशीनवर त्याने पाय ठेवला, त्याचा ‘ठण्ण’ असा आवाज जिन्यापर्यंत आला. मग कडी निघाली. दार उघडून तो पोरगेलासा जवान स्वतः बाजूला सरकला आणि मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही पुढे या. बाथरूमच्या दारात आहेत. शुद्धीवर आहेत. आधी तुम्ही.”

काकू फरशीवर कुशीवर पडल्या होत्या, एक पाय विचित्र बाहेर वळलेला. ओठ कोरडे. मला बघून पहिलं वाक्य काय तर, “आधी गाऊन नीट कर गं. ती मुलं आत येतील.” मी गाऊन खाली ओढला, अंगावर चादर घातली. मग म्हणाल्या, “पहाटे पाचपासून आहे मी इथे. तुझी बेल ऐकू येत होती. आवाजच निघेना.”

आठ दहापासूनची प्रत्येक बेल त्यांनी ऐकली होती.

रुग्णवाहिकेचा १०८ लावायला जवानानेच सांगितलं. “आमच्याकडून कळवलंय, तुम्हीही लावा, पेशंटजवळचा माणूस बोललेला बरा.” वय, शुद्ध, श्वास, रक्त येतंय का, बीपी-शुगर आहे का, गोळ्या कुठल्या. गोळ्यांची पिशवी फ्रिजवर होती, ती मी हातातच घेऊन ठेवली. त्यांना हलवू नका, पाणी पाजू नका, हेही तिकडूनच सांगितलं. मी तेवढ्यात चमचाभर पाणी आणलं होतं, ते परत ठेवलं. १०८च्या गाडीत डॉक्टर असतो आणि पैसे द्यावे लागत नाहीत. हे दोन्ही आमच्या जिन्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं, एक जण तर पाकीट काढून उभे होते. लिफ्ट नसल्यामुळे स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकलं, मग जवानांनी आणि गाडीवरच्या माणसांनी मिळून काकूंना चादरीसकट उचललं आणि प्रत्येक पायरीला “हळू, हळू” म्हणत खाली नेलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात एक पोलीस हवालदार आले. मुलगा बंगळुरूहून आलेला, तो घाबरला. पोलीस कशाला? कुणी तक्रार केली? घाबरायचं काही नसतं. अशी जखम झालेला पेशंट आला की बरीच हॉस्पिटलं एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, म्हणून नोंद करतात आणि पोलिसांना कळवतात. कुणी ढकललं नाही ना, मारलं नाही ना, हे कुणीतरी विचारायला हवंच. म्हातारी बाई एकटी असेल तर जास्तच. हवालदारांनी खुर्ची ओढली, पॅडला कागद लावला आणि जबाब लिहायला घेतला. वाचून दाखवत लिहीत होते: “...पहाटे पाच वाजण्याच्या सुमारास बाथरूममध्ये जात असताना पाय घसरुन पडून मला दुखापत झाली आहे. सदर घटनेबाबत माझी कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही.” सहीसाठी कागद पुढे केला. काकूंनी चष्मा मागितला. पूर्ण वाचला.

“घसरून. रू दीर्घ.”

हवालदार क्षणभर थांबले. मग पेनाने तो उकार दुरुस्त केला, शेजारी आपली छोटी सही केली, आणि म्हणाले, “आमच्या मॅडम पण अशाच होत्या शाळेत.”

पुढे त्यांनीच सुचवलं की काकूंची ठाण्यात नोंद करून ठेवा. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७चा कायदा आहे, त्याखाली राज्याने २०१० मध्ये केलेल्या नियमांत, पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, खास करून एकट्या राहणाऱ्यांची यादी ठेवावी असं आहे. अर्ज केला, दोन प्रतींत, पोच घेतली. त्यात आजार, औषधं, डॉक्टर, मुलाचा नंबर, किल्ली कुणाकडे असते, सगळं लिहिलं. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईनही कागदावर टाकली, ती सकाळी आठ ते रात्री आठ चालते. सल्ला हवा असेल, घरात कुणी छळत असेल, पेन्शन अडली असेल, त्यासाठी ती. पहाटे पाचला फरशीवर पडलं तर ती नाही.

आता बीटवरचा पोलीस अधूनमधून येऊन काकूंची चौकशी करतो, त्यांच्याकडच्या वहीत वेळ लिहून सही करतो. काकू त्याला चहा देतात आणि त्याच्या मुलीच्या निबंधाची वही तपासून देतात. कडी त्या लावत नाहीत, नुसतं लॅच. सुरुवातीला कडी नसली की झोप येईना, म्हणून दाराला आतून एक घंटा बांधली आहे. दूध साडेसहाला आत गेलं नाही तर पावणेसातला मी खाली जाते. दोनदा गेले. दोन्ही वेळा त्या पेपर वाचत बसल्या होत्या आणि वैतागल्या.

कंपाउंडची नवी भिंत बांधली तेव्हा तिच्यावर सोसायटीचं नाव, गल्ली क्रमांक आणि पिनकोड वीतभर अक्षरांत रंगवून घेतला. सभेत साडेसहाशे रुपयांवरून कुरकुर झाली. अक्षरं काकूंनी गॅलरीतून तपासली.

आणि अनोळखी नंबर मी आता एकही कापत नाही. त्यामुळे गेल्या महिन्यात मला चार पर्सनल लोन मंजूर झाली आहेत.